द्वंद्वखेळांतील नवखा

पडद्यावर दोन वीर समोरासमोर उभे राहावे आणि दोन खेळाडूंनीं बटणें दाबून त्यांना लढवावें, अशा व्हिडिओ गेमला मराठींत द्वंद्वखेळ म्हणावयास हरकत नाहीं. १९८७ सालीं जपानांतील कॅपकॉम कंपनीनें 'स्ट्रीट फायटर' नांवाचा असा एक खेळ काढला. त्यांतील वीरांच्या अंगीं कांहीं खास डाव होते. मात्र ते कसे करावयाचे हें खेळणाऱ्याचें त्यानेंच शोधून काढावें, अशी योजना होती. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू' ह्या दुसऱ्या खेळानें जग जिंकलें. आठ वीरांपैकीं कोणीहि निवडावा. तीन बटणें ठोशांचीं, तीन लाथांचीं. हातांतून तेजाचा गोळा फेकावयाचा असेल, तर दांडी खालीं, मग तिरपी, मग पुढें अशी एका झोंकांत फिरवून लागलीच ठोशाचें बटण दाबावें लागे. साधलें तर गोळा सुटे. हुकलें तर नुसता ठोसा हवेंत जाई.

नवख्याची खरी अडचण येथें आहे. शत्रु उडी मारून येत आहे, त्याला अमुक डावानें अडवावें, हें त्याला कळलेलें असतें. पण बोटें ऐकत नाहींत. उत्तर ठाऊक असून अक्षर वळत नाहीं म्हणून ज्याची पाटी कोरी राहते, त्या मुलासारखी त्याची गत होते. त्यांतच एका आघाताला दुसरा जोडून साखळी करण्याची युक्ति 'स्ट्रीट फायटर टू' मध्यें निघाली. ती कर्त्यांनीं मुद्दाम योजिलेली नव्हती. खेळ तयार होत असतां ती नजरेस आली आणि तशीच राहूं दिली गेली. पुढील खेळांनीं तर तिचें शास्त्रच बनविलें. सेगा कंपनीच्या 'व्हर्च्युआ फायटर' मध्यें (१९९३) ठोसा, लाथ आणि बचाव अशीं तीनच बटणें होतीं. नामको कंपनीच्या 'टेकन' मध्यें (१९९४) दोन हातांना व दोन पायांना एकेक बटण दिलें होतें. बटणें कमी झालीं खरीं, पण पाठांतर वाढलें.

ह्या सुमारास जपानांतील खेळघरांत यंत्रें पाठीला पाठ लावून मांडण्याची रीत पडली होती. प्रतिस्पर्धी पलीकडे बसे; त्याचें तोंड दिसत नसे. मासाहिरो साकुराई हे खेळरचनाकार अशाच एका यंत्रावर 'किंग ऑफ फायटर्स ९५' खेळत होते. पलीकडच्यास त्यांनीं सपशेल लोळविलें, आणि मग पाहतात तों तेथें एक अगदीं नवखें जोडपें! दोन घटका मौजेसाठीं आलेल्या त्या दोघांच्या वाट्याला त्या खेळांत कांहींच आलें नव्हतें. मराठी मुलांत लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून खेळांत घेतात. यंत्राजवळ एवढें शहाणपण नव्हतें. ही गोष्ट साकुराई यांनीं पुढें स्वतःच सांगितली आहे.

जानेवारी १९९९ मध्यें जपानांत निघालेला त्यांचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हें त्या रुखरुखीला दिलेलें उत्तरच होय. त्याच्या पहिल्या नमुन्याचें यंत्रलेखन सातोरु इवाता यांनीं केलें. हेच इवाता २००२ सालीं निन्टेन्डो कंपनीचे अध्यक्ष झाले. ह्या खेळांत लांबलचक आज्ञा नाहींत. एक दिशा आणि एक बटण म्हणजे एक खास डाव, आणि ही रीत सर्व पात्रांना सारखीच. शक्तीची पट्टी संपवावयाची नसून शत्रूला मैदानाबाहेर उडवावयाचें असतें. चौघे एकत्र खेळतात, गोंधळ उडतो, आणि त्या गोंधळांत नवख्याचाहि एखादा घाव लागून जातो.

पण सोपेपणा टिकविणें अवघड असतें. २००१ सालच्या 'मेली' ह्या दुसऱ्या भागांत, उडी मारतां क्षणींच जमिनीकडे तिरपी बगल देऊन घसरत जाण्याची क्लृप्ति निष्णातांनीं हस्तगत केली, आणि पाहुण्यांसाठीं मांडलेला खेळ पुनः पैलवानांचा झाला. तो भाग नवख्यांना जड गेला, असें खुद्द साकुराई यांनींहि पुढें म्हटलें. २००८ च्या भागांत त्यांनीं गति कमी केली. इतकेंच नव्हे, तर धांवूं लागलेलें पात्र मधूनच अकारण अडखळून पडावें, अशी व्यवस्था केली. हा उपाय कोणालाच रुचला नाहीं, आणि २०१४ मध्यें तो काढून टाकण्यांत आला. नवख्याला वर आणावयाचें सोडून निष्णाताला पाडावयाचें, ही कल्पनाच मुळांत चुकीची होती.

डेव्हिड सर्लिन ह्या अमेरिकन रचनाकारानें २०१९ च्या 'फँटसी स्ट्राइक' मध्यें ह्यापेक्षां सरळ मार्ग धरला. एका बटणास एक डाव; खालीं वांकणें नाहीं; आणि शत्रूनें पकडण्याचा यत्न केला तर सर्व बटणें सोडून स्वस्थ राहणें हाच त्यावरचा तोड! बोटांचें काम जवळजवळ संपवून केवळ मनाची झुंज शिल्लक ठेवणारा असा दुसरा खेळ विरळाच. परंतु त्याला मोठा खेळाडूवर्ग लाभला नाहीं. सोपीं बटणें मिळालीं तरी समोर तुल्यबळ कोणी नसेल, तर त्या सोपेपणाचें करावयाचें काय?

म्हणून आज निवड करणाऱ्यानें बटणें मोजण्याआधीं पलीकडे कोण बसणार, हें पाहावें. घरांतल्या घरांत भावंडांनीं खेळावयाचें असेल, तर २०१८ चा 'स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' उत्तम. एकटा असून दूरच्या अनोळखी लोकांशीं इंटरनेटवर खेळणार असेल, त्यानें जून २०२३ मध्यें निघालेला 'स्ट्रीट फायटर सिक्स' घ्यावा. पहिल्या कांहीं सामन्यांवरून तो नवख्याला त्याच्याच तोलाच्या लोकांत बसवितो. शिवाय त्यांत जुन्या सहा बटणांच्या पद्धतीबरोबर 'मॉडर्न' ही दुसरी पद्धत आहे. तींत खास डाव एका दिशेनें व एका बटणानें निघतो. जुन्या खेळाडूंनीं ह्यावर बरीच कुरकुर केली, आणि ती अगदींच अनाठायीं नव्हती. कारण ज्या डावाला त्यांना दांडी फिरवावी लागते, तो नवखा निमिषांत करतो. त्याची किंमतहि खेळानें ठरविली आहे. अशा सोप्या रीतीनें केलेल्या खास डावाचा आघात २० टक्क्यांनीं कमी होतो, आणि कांहीं साधे ठोसे-लाथा ह्या पद्धतींत मिळतच नाहींत. मात्र ही पद्धत घेतलेला खेळाडू खास डाव जुन्या रीतीनें दांडी फिरवूनहि करूं शकतो, आणि तसा केला कीं त्याचा आघात पुरा बसतो.