उघडे वाय-फाय आणि २००८ चा धडा

१/ वांगणीहून लोकलने ठाणे आणि तेथून ट्रान्स-हार्बर मार्गाने सानपाडा. २००८ च्या जुलैअखेरीस हे नाव देशभर गाजले, ते एका घरातील इंटरनेट जोडणीमुळे. घरात नवा राउटर आला असेल, तर हा इतिहास अवश्य वाचा.

२/ २६ जुलै २००८. अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. त्याचा आयपी पत्ता सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या जोडणीचा निघाला.

३/ त्या गृहस्थांची कसून चौकशी झाली. त्यांचे वाय-फाय असुरक्षित होते आणि भलत्याच कोणी त्यातून ईमेल धाडला होता, असे तपासात पुढे आले. २३ ऑगस्टचा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या, तर १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांवेळचा चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायवरून गेला.

४/ वाय-फायच का? त्याच वर्षी मे महिन्यात, जयपूर स्फोटांनंतरचा ईमेल साहिबाबादच्या सायबर कॅफेतून गेला होता. कॅफेत माणूस दिसतो, मालकाच्या लक्षात राहतो. वाय-फायच्या लहरी मात्र भिंती ओलांडून रस्त्यावर येतात.

५/ शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. त्याखाली कोणी मजकूर घुसडू नये, हा हेतू. आयपी पत्ताही शिक्क्यासारखाच. तो घर सांगतो, लिहिणारा हात सांगत नाही. म्हणून शिक्का उघड्यावर ठेवू नये.

६/ फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याविषयी इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. घरातले काम मात्र आपलेच.

७/ राउटरला वीज द्या, दिवे स्थिर होऊ द्या. शक्यतो केबलने संगणक जोडा. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरील पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की व्यवस्थापनाचे पान उघडते. तेथील मूळ पासवर्ड सर्वप्रथम बदला.

८/ हा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि नेमका तोच विसरला जातो. २०१६ मध्ये ‘मिराई’ने कारखान्यातून आलेल्या अशा साठेक नाव-पासवर्ड जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने अमेरिकेतील कित्येक बडी संकेतस्थळे ठप्प केली.

९/ मग वाय-फायला लांब पासवर्ड द्या. नावात सदनिकेचा क्रमांक नको. कूटपद्धत डब्ल्यूपीए-३, नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडा. जुनी डब्ल्यूईपी टाळा. तिचे दोष २००१ मध्येच उघड झाले. डब्ल्यूपीएस आणि बाहेरून व्यवस्थापनाची सोय बंद करा, फर्मवेअर अद्ययावत करा.

१०/ या साऱ्याला वीसेक मिनिटे लागतात. सानपाड्याच्या त्या रहिवाशाला आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला कित्येक दिवस लागले.