गावातल्या आरोग्यसेवेची पहिली पायरी : नंदिनी नगर, दल्ली राजहरा आणि मितानिन



छत्तीसगडच्या नकाशावर दुर्ग जिल्हा शोधा. भिलाईच्या उत्तरेला, अहिवाऱ्याजवळ, नंदिनी नगर ही वसाहत आहे. भिलाई पोलाद कारखान्याला लागणारी चुनखडी ज्या खाणीतून आली, त्या खाणीसाठी ती वसली. वसाहतीबाहेर पडले की धानाची शेते सुरू होतात. आता अशी कल्पना करा, की या परिसरातल्या एका शेतकरी घरात बारावी झालेली मुलगी आहे. तिला गाव न सोडता आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे आहे. डॉक्टर होण्याइतका पैसा घरात नाही. तिला कोणते काम मिळेल? ते कोण देईल? आणि महिन्याच्या शेवटी हातात काय पडेल?

प्रश्न आजचा आहे, पण त्याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत ठरत गेले. गावपातळीवरचे हे काम अल्पशिक्षित माणसांसाठी खुले झाले तेव्हा त्याला बहुतेक वेळा ‘नोकरी’ म्हटले गेले नाही. असे का घडले, हे या पाठात पाहायचे आहे.

मागची बाजू

१९५६ पर्यंत दुर्ग, रायपूर आणि बिलासपूर हे जिल्हे विदर्भासोबत एकाच प्रांतात होते आणि त्यांची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेनंतर ते मध्य प्रदेशात गेले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या भिलाई कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. लोहखनिज दल्ली राजहऱ्याहून, चुनखडी नंदिनीहून. म्हणजे आपण ज्या प्रदेशाबद्दल बोलत आहोत तिथे शेती आणि खाण एकमेकांना लागून आहेत, आणि एकाच घरातला एक भाऊ नांगर धरतो तर दुसरा खाणीत जातो.

सरकारी आरोग्यव्यवस्थेचा आराखडा १९४६ च्या भोर समितीने दिला. त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्र आले, पुढे उपकेंद्र आले. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी ही कल्पना मांडली. उपकेंद्रातली नर्सबाई, म्हणजे एएनएम, ही गावाला दिसणारी सर्वांत खालची सरकारी पायरी. मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागे एक. पण या पायरीवर चढायलाही शाळा, प्रशिक्षण आणि भरतीचा कागद लागत होता. त्यामुळे नर्सबाई बहुधा बाहेरगावची असायची आणि पावसाळ्यात पाड्यावर पोहोचायची नाही. दोष तिचा नव्हता. एकट्या बाईला परक्या गावात खोली मिळणेसुद्धा सोपे नसते.

जामखेडचा धडा

हीच अडचण महाराष्ट्रात रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याला आली. १९७० मध्ये त्यांनी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. आधी त्यांनीही प्रशिक्षित परिचारिकांना गावांत पाठवून पाहिले, पण ते जमले नाही. मग गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. निवडलेल्या बायांपैकी अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत आणि गावात परतून तेच काम करत : गरोदर बाईची तपासणी, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, क्षयरोग्याच्या गोळ्यांची आठवण. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण होते. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला, त्यामागे अशा अनुभवांचा आधार होता.

लक्षात घ्या, की इथे पात्रतेचा अर्थ बदलला. शाळेच्या दाखल्यापेक्षा ‘ही आपल्या गावची आहे आणि इथेच राहणार आहे’ याला किंमत आली. याच गोष्टीकडे आपल्याला पुढे पुन्हा यावे लागेल, कारण तिची एक बाजू आपल्या नायिकेच्या विरोधात जाते.

पन्नास रुपयांचा आरोग्यरक्षक

केंद्रातल्या जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी ही कल्पना देशभर नेली. १,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता, निवड गावाने करायची, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर महिन्याला ५० रुपये मानधन. डॉक्टरांच्या संघटनांनी ‘भोंदू वैद्य तयार होतील’ म्हणून आक्षेप घेतला. प्रत्यक्षात निवड बऱ्याच ठिकाणी सरपंच आणि वजनदार मंडळींनीच केली आणि निवडले गेले ते बहुतेक पुरुष. बाळंतपण आणि तान्ह्या मुलांचे आजार हे मुख्य प्रश्न असताना गावाने धाडले तरुण पुरुषांना! काही वर्षांत योजनेचे नाव दोनदा बदलले. आधी ‘कार्यकर्ता’चा ‘स्वयंसेवक’ झाला, १९८१ मध्ये ‘आरोग्य मार्गदर्शक’ झाला. शब्दांतला हा बदल निरुपद्रवी समजू नका. कार्यकर्ता वेतन मागू शकतो, स्वयंसेवकाला तसे म्हणताच येत नाही.

मध्य प्रदेशाने १९९५ मध्ये आणखी एक वाट काढली : ‘जनस्वास्थ्य रक्षक’. गावातल्या शिकलेल्या बेरोजगार तरुणाला सहा महिन्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्याने रुग्णांकडून फी घेऊन पोट भरायचे. पगार नाही. परिणाम अपेक्षितच होता. इंजेक्शन आणि सलाइनला पैसे मिळतात, हात धुवायला सांगण्याला मिळत नाहीत. अनेक जण गावातले खासगी ‘डॉक्टर’ होऊन बसले. नंदिनीचा परिसर तेव्हा मध्य प्रदेशातच होता, म्हणून हा प्रयोग आपल्या गोष्टीचा भाग आहे.

दल्ली राजहरा : मजुरांचे रुग्णालय

पण त्याआधीच याच कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, लोहखनिजाच्या खाणीत, एक वेगळी गोष्ट घडली होती. दल्ली राजहऱ्याच्या ठेकेदारी मजुरांनी १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. शंकर गुहा नियोगी हे त्याचे नेते. त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जण मारले गेले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात, वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावल्या. आपले स्वतःचे रुग्णालय हवे, हा विचार मजुरांच्या मनात तेव्हा पक्का झाला.

१९८२ मध्ये संघटनेच्या कार्यालयात छोटा दवाखाना सुरू झाला. ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातल्या मृतांच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालय उघडले. पैसा मजुरांच्या वर्गणीतून उभा राहिला आणि श्रमही त्यांचेच होते. बिनायक सेन, आशिष कुंडू, पवित्र गुहा, शैबाल जाना असे डॉक्टर त्याच्याशी जोडले गेले.

आपल्या विषयासाठी डॉक्टरांपेक्षा महत्त्वाचे आहेत ते तिथले आरोग्य कार्यकर्ते. दिवसभर खाणीत खनिज फोडून आलेले मजूर संध्याकाळी शिकायला बसत : ताप कसा मोजायचा, जखम कशी बांधायची, जुलाबात पाणी का द्यायचे, कोणते औषध विनाकारण घेऊ नये. आसपासच्या खेड्यांतल्या मुली रुग्णालयातच काम करत परिचारिका झाल्या. दारूविरोधी मोहीम, स्वच्छ पाण्याची मागणी आणि अनावश्यक इंजेक्शनांविरुद्धचा प्रचार ही सारी कामे ‘आरोग्य’ या एकाच सदरात मोडत होती. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली, पण रुग्णालय चालू राहिले.

जामखेडमध्ये निवड गावाने केली, इथे संघटनेने. दोन्हीकडे शिक्षणाची अट बाजूला पडली. फरक मला महत्त्वाचा वाटतो तो असा : दल्ली राजहऱ्याचा आरोग्य कार्यकर्ता मुळात मजूर होता. त्याची मजुरी संघर्षातून ठरली होती, म्हणून संध्याकाळची सेवा तो खरोखर स्वेच्छेने देऊ शकत होता. ज्या बाईला दुसरे उत्पन्नच नाही, तिच्याकडून तीच स्वेच्छा गृहीत धरणे वेगळे.

मितानिन

नवे राज्य झाल्यावर छत्तीसगडने २००२ मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू केला. हे नाव आधी समजून घ्या. छत्तीसगडात ‘मितान बदना’ ही जुनी रीत आहे. दोन माणसे विधिपूर्वक एकमेकांना मित्र मानतात आणि ते नाते रक्ताच्या नात्याइतके पाळले जाते. महाप्रसाद, गंगाजल, भोजली अशी त्याची नावे आहेत. एकदा ते जडले की दोन्ही घरांचे सुखदुःख एक होते, आणि जातीची रेषाही कधी कधी ओलांडली जाते. स्त्री-मितान म्हणजे मितानिन. सरकारी पदाला असे नाव देणे चतुराईचे होते. नर्सबाई सरकारची, मितानिन आपली.

आखणी करणाऱ्यांनी जुन्या चुका डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. बिनायक सेनही सल्लागारांपैकी एक होते. या वेळी फक्त स्त्रिया निवडायच्या ठरले. हजार लोकांमागे एक असे न करता प्रत्येक पाऱ्याला, म्हणजे वस्तीला, एक. याचे कारण साधे : गावात एकच बाई असली तर ती मोठ्या वस्तीतली असणार आणि ओढ्यापलीकडचा गोंड किंवा सतनामी पारा पुन्हा वगळला जाणार. शाळेची अट नव्हती. निवडीआधी कलाजथ्यांनी गावोगाव नाटके केली, मग पाऱ्याच्या सभेत नाव ठरले. पुस्तके चित्रांची होती. काही वर्षांत सुमारे ६० हजार मितानिनी तयार झाल्या. फी घ्यायची नाही हे ठरले, तसेच सुरुवातीला मानधनही द्यायचे नाही असे ठरले. पैसा आला की सरपंच आपल्या नातेवाइकाला बसवील, अशी भीती त्यामागे होती. भीती खरी होती. पण तिची किंमत मितानिनीने मोजली. रोपणीच्या दिवसांत एक दिवस प्रशिक्षणाला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे.

याच सुमारास शेजारच्या गडचिरोलीतून भक्कम पुरावा आला होता. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. कमी शिकलेली बाई बाळाचा श्वास मोजू शकते आणि जंतुसंसर्ग ओळखू शकते, याबद्दल त्यानंतर वाद घालणे अवघड झाले.

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ‘आशा’ हे पद देशभर पोहोचले. मितानिन हा त्याचा एक मोठा पूर्वावतार. आशाला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे : प्रसूती दवाखान्यात झाली, लसीकरण पूर्ण झाले, की ठरलेली रक्कम. मितानिनीलाही याच मार्गाने पैसे मिळू लागले. कागदोपत्री ती अजून ‘स्वयंसेविका’च आहे. मे २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांवरील स्त्रियांना कामगार मानावे अशी शिफारस केली. जून २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. गौरव आला म्हणून वेतनश्रेणी आली नाही.

पुन्हा नंदिनीच्या मुलीकडे

तर आपली बारावी झालेली मुलगी. ती मितानिन किंवा आशा होऊ शकते का? आशाच्या मार्गदर्शक सूचना वाचा : गावात राहणारी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, शक्यतो २५ ते ४५ वयाची स्त्री. अविवाहित मुलगी लग्न होऊन गाव सोडून जाईल, प्रशिक्षण वाया जाईल, हा हिशेब. म्हणजे माहेरच्या गावात तिला ही वाट जवळजवळ बंद आहे, सासरच्या गावात कदाचित उघडेल. ‘इथलीच’ या कसोटीने निरक्षर बाईला आत घेतले आणि घरच्या लेकीला बाहेर ठेवले.

मग तिच्यापुढे शिक्षणाची वाट उरते. बारावीनंतर एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा पुढचे परिचारिका शिक्षण. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्य केंद्रे होऊ लागली, त्यांत सामुदायिक आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. योगायोग असा, की देशातल्या अशा पहिल्या केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधल्याच विजापूर जिल्ह्यात, जांगला इथे झाले. त्या पदाला मात्र परिचर्या किंवा आयुर्वेदाची पदवी-पदविका लागते. तिसरी वाट संस्थांची, जिथे काम करता करता शिकवले जाते. तिथे विचारताना दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात : प्रमाणपत्राला सरकारी मान्यता आहे का, आणि मानधन लेखी ठरते का.

स्वाध्याय : तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या सर्वांत जुन्या आशाताईंना, महाराष्ट्राबाहेर असाल तर मितानिन किंवा तत्सम कार्यकर्तीला, वेळ मागून भेटा. त्यांची निवड नेमकी कोणी केली, सभा झाली होती का, पहिला मोबदला कधी आणि किती मिळाला, त्या दिवशी शेतात मजुरी काय चालू होती, हे विचारा. परवानगी असेल तर त्यांची जुनी वही पाहा. सरकारी अहवालातली तारीख आणि वहीतली तारीख यांत फरक आढळला, तर दोन्ही लिहून आणा.