बावन्न शिलिंगांची पेटी

मध्ययुग आणि रेनेसाँ या विषयात पदवी घ्यायची तर किती पैसे लागतात? दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाने या प्रश्नाच्या वाटेला जायचं कारण नाही, पण मला उत्सुकता होती. मग काय, उघडली स्प्रेडशीट.

अमेरिकेत वेलस्लीसारख्या खासगी कॉलेजात हा विषय मुख्य म्हणून घेता येतो. तिथली नुसती ट्यूशन फी वर्षाला 60,000 डॉलरच्या वर. इंग्लंडमध्ये तिथल्याच विद्यार्थ्याला 2025-26 साली 9,535 पौंडांपर्यंत फी आहे; 1998 पूर्वी बहुतेकांना खिशातून काहीच भरावं लागत नसे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाहीच. म्हणजे जर्मनी स्वस्त? पण भारतातून जाणाऱ्याला व्हिसासाठी साधारणपणे वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून दाखवावे लागतात. फी शून्य, आणि दारात पाऊल टाकायलाच दहा लाखांहून जास्त रुपये.

मग मी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला: खुद्द मध्ययुगातलं विद्यापीठ.

1179 च्या लॅटरन धर्मसभेने ठरवलं, की प्रत्येक कॅथेड्रलने गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकवणारा गुरू ठेवावा. कागदावर छानच. पण पुस्तकं चामड्यावर हाताने लिहिलेली, त्यामुळे महाग. ती सुट्या भागांत भाड्याने आणून उतरवून घ्यावी लागत. बोलोन्यात तर शिक्षकांचे पैसे सुरुवातीला विद्यार्थीच वर्गणी काढून देत. शिवाय खोलीभाडं, जेवण, आणि पदवी मिळाली की गुरुजनांना मेजवानी. फीचा आकडा तेव्हाही खर्चाचा एक तुकडाच होता.

या रकान्यात मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते ऑक्सफर्डने. 1209 मध्ये एका बाईच्या खुनानंतर गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना फाशी दिली. बाकीचे गाव सोडून गेले. काही केंब्रिजला पोचले. 1214 मध्ये पोपच्या प्रतिनिधीने गावाला दंड केला: गरीब विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी 52 शिलिंग. 1240 मध्ये बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी त्या पैशातून सेंट फ्राइड्सवाइड मठात एक पेटी सुरू केली. तिच्यातून गरीब विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज मिळे. तारण ठेवावं लागे, आणि ते बऱ्याचदा पुस्तकच असे. मुदतीत पैसे परत आले नाहीत तर तारण विकलं जाई. गहाण ठेवल्याच्या नोंदी आजही काही जुन्या हस्तलिखितांत दिसतात.

शिकायचं म्हणून पुस्तक हवं, आणि जेवायचं म्हणून तेच पुस्तक गहाण. पेटी काही स्वर्ग नव्हती, आणि बायकांना तर विद्यापीठाचं दारच बंद होतं.

माझ्या शैक्षणिक कर्जाला तारण होते आमच्या घराचे कागद. बँकेने कॉलेजचं नाव विचारलं, कोर्स विचारला, पॅकेजचा अंदाज विचारला. मी इंजिनिअरिंग सांगितलं म्हणून फाइल पुढे सरकली. कर्ज नोकरीच्या चौथ्या वर्षी फिटलं. इंग्लंडमध्ये 2023 पासून शिकायला लागलेल्या मुलाच्या कर्जावर महागाईच्या दराने व्याज चढतं आणि उरलेली बाकी 40 वर्षांनी माफ होते. म्हणजे इतिहास शिकलेला मुलगा साठीपर्यंत हप्ते भरत राहू शकतो.

स्प्रेडशीटमध्ये फीच्या खाली मी आता एक ओळ घातली आहे: ‘पैसे कोण देतं?’ 1240 च्या रकान्यात तिथे लिहिलंय, ‘दंड झालेलं गाव’. आपल्या रकान्यात लिहिलंय, ‘आईवडील’.