कूलंट का बदलायचे? इंजिनातल्या पाण्याचा इतिहास

मोटारीतले जुने कूलंट ठरावीक मुदतीने काढून टाकावे, आतल्या वाटा धुवाव्यात आणि नवे भरावे, ही रीत कशासाठी पडली असे विचारले तर बहुतेक जण एकच उत्तर देतात: जुन्या कूलंटची इंजिन थंड ठेवण्याची ताकद संपते. इतिहास तपासला तर हे उत्तर टिकत नाही. इंजिनाची उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याची बरोबरी करणारा स्वस्त द्रव आजही सहज मिळत नाही आणि उष्णता वाहून वाहून पाणी थकतही नाही. कूलंट बदलायचे ते इंजिनातला धातू वाचवण्यासाठी. ही गरज तेच पाणी वर्षानुवर्षे इंजिनात राहू लागले तेव्हा जन्मली आणि लोखंडाशेजारी ॲल्युमिनियम आले तेव्हा तीव्र झाली. याचा सर्वांत बोलका पुरावा झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या एका प्रसिद्ध गाडीच्या, म्हणजे फोक्सवॅगनच्या कॅम्परच्या इतिहासात सापडतो.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये पाणी जुने होण्याइतका काळ टिकतच नसे. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ सालच्या गाडीत पाणी उकळून वाफ होई आणि त्याबरोबर उष्णता निघून जाई. १८८८ मध्ये बर्था बेन्झ मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्ट्सहाइमला गेल्या, तेव्हा वाटेत त्यांना वारंवार पाणी भरावे लागले. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर घडवला आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणे शक्य झाले. मग थंड देशांत दुसरी अडचण उभी राहिली. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉकही फोडते. त्यावर अल्कोहोल मिसळण्याचा उपाय निघाला, पण ते तापलेल्या इंजिनातून उडून जाई. म्हणून हिवाळ्यात घालायचे, उन्हाळ्याआधी काढायचे, अशी हंगामी रीत पडली. एथिलिन ग्लायकॉल १९७ अंशांना उकळते, त्यामुळे ते उडून जात नाही. १९२७ मध्ये अमेरिकेत ते ‘प्रेस्टोन’ या नावाने बाजारात आले. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

ग्लायकॉलने थंडावा वाढतो हा समज मात्र तेव्हाही खरा नव्हता. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची उष्णता धरण्याची क्षमता शुद्ध पाण्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी असते. रोल्स-रॉईसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉलवर चाले. पुढे त्याच इंजिनात ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल हे मिश्रण दाबाखाली वापरले गेले. म्हणजे थंड करण्याचे काम अखेर पाण्याकडेच राहिले. ग्लायकॉलमुळे द्रव इंजिनात टिकू लागला, पण टिकला म्हणूनच तो म्हाताराही होऊ लागला. उष्णता आणि हवा यांच्या संयोगाने ग्लायकॉलपासून आम्ले तयार होतात आणि ती धातू खातात. त्यांना आवर घालण्यासाठी फॉस्फेट, बोरेट, सिलिकेट, नायट्राइट यांसारखी गंजरोधक रसायने मिसळावी लागली. ही रसायने काम करता करता खर्च होतात, आणि ती संपली की कूलंटची मुदत संपते.

आता कॅम्परकडे वळू. जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग, कपाटे आणि चूल बसवायला सुरुवात केली. या गाडीचे मागचे इंजिन हवेने थंड होई, त्यामुळे कूलंटचा प्रश्नच नव्हता. तीन दशकांनंतर आवाज, धूर आणि आतली ऊब यांच्या अपेक्षा वाढल्या आणि १९८२ मध्ये तिसऱ्या पिढीच्या व्हॅनला पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन मिळाले. इंजिन मागे, रेडिएटर पुढे आणि दोहोंना जोडणाऱ्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखाली. सिलिंडरचे लायनर ओतीव लोखंडाचे, हेड आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचे, मध्ये रबरी गॅस्केट. इथेच दुखणे उद्भवले. गॅस्केटला लागून हेडचा ॲल्युमिनियम पृष्ठभाग गंजू लागला, खड्डे पडले आणि पाणी गळू लागले. इंजिन तापत होते म्हणून हे घडले नाही. द्रवाची रसायने धातूशी जुळली नाहीत किंवा जुनी झाली, म्हणून घडले. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचा संयोग होऊन साका बसतो, हे ओळखून युरोपीय कंपन्या फॉस्फेटरहित कूलंटचा आग्रह धरू लागल्या. अमेरिकेतल्या डिझेलवरच्या मोठ्या मोटारहोमची कथाही अशीच आहे. तिथे लायनर थरथरतो, त्याच्या पाठीवर बुडबुडे फुटून खड्डे पडतात, आणि नायट्राइटचा थर असेपर्यंतच तो वाचतो.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला: आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग साधे पाणी का नको? गोठण्यापुरतेच पाहिले तर हा आक्षेप रास्त आहे. पण गंजाला हिवाळा लागत नाही, आणि बोअरवेलच्या कठीण पाण्याचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. ओतीव लोखंडाच्या जुन्या इंजिनांत क्लीनरच्या डब्यातले पाणी खपून जाई. ॲल्युमिनियमच्या इंजिनात ती मोकळीक नाही. दुसरा: १९९० च्या दशकात आलेल्या सेंद्रिय आम्लांच्या कूलंटना पाच वर्षांची हमी मिळाली, मग फ्लशिंग कशाला? हमी मुदतीची आहे, अमरत्वाची नाही. वेगळ्या जातीचे कूलंट मिसळले किंवा पातळी घटून हवा शिरली, तर ती मुदतही आक्रसते. तिसरा: हा सारा गॅरेजच्या कमाईचा मार्ग आहे. विनाकारण काम काढणारे लोक असतात, हे खरेच. त्यावर उपाय म्हणजे गाडीच्या पुस्तिकेतली मुदत पाहणे. काम टाळणे हा उपाय नव्हे.

रंगावर विसंबण्यात मात्र धोका आहे. हिरवा, नारिंगी, गुलाबी यांपैकी कोणताही रंग सर्व कंपन्यांमध्ये एकच अर्थ सांगत नाही आणि स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातली गंजरोधके संपलेली असू शकतात. मोटारहोम महिनोन्महिने उभी राहते, त्यामुळे तिच्या बाबतीत किलोमीटरपेक्षा वर्षे मोजणे अधिक शहाणपणाचे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, तेव्हा हा हिशेब आपल्याही उपयोगाचा. इंजिन पूर्ण निवल्यावर झाकण उघडावे, जुने कूलंट काढावे, हीटर सुरू ठेवून डिस्टिल्ड वॉटरने वाटा धुवाव्यात, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच कूलंट भरावे आणि हवा पूर्ण काढावी. काढलेले ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते, म्हणून जनावरे ते पितात. ते गटारात किंवा रस्त्याकडेला कधीही ओतू नये.