स्वल्पविरामाची बिऱ्हाडं

अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या गुंडाळ्यांवर ग्रीक अक्षरं एकमेकांना खेटून बसलेली असत. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्याने मोठ्याने म्हणून पाहायचं आणि आपणच ठरवायचं. इ.स.पू. २०० च्या सुमारास तिथल्या बायझँटियमच्या अ‍ॅरिस्टोफेनिस या ग्रंथपालाने ओळीत तीन वेगवेगळ्या उंचींवर टिंबं देण्याची पद्धत काढली. किती थांबायचं, ते टिंबाच्या उंचीवरून कळे. वाक्यातल्या छोट्या तुकड्याला ग्रीक लोक ‘कोम्मा’ म्हणत. ते नाव पुढे तुकड्याच्या शेवटच्या खुणेलाच चिकटलं. खूण श्वासाची होती. अर्थाची राखण करणं तिच्याकडे अजून आलं नव्हतं.

मध्ययुगातले लेखनिक थांब्यासाठी तिरकी रेघ मारत. १४९० च्या दशकात व्हेनिसमध्ये, आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यात, ती आखूड होऊन ओळीच्या पायाशी उतरली आणि किंचित वाकली.

इंग्रजीने मात्र तिला वेगळ्याच कामाला जुंपलं. ‘द सेलर्स हू वेअर ड्रंक वेअर पनिश्ड’ हे वाक्य स्वल्पविरामाशिवाय लिहिलं, तर जे खलाशी प्यायलेले होते तेवढ्यांनाच शिक्षा. ‘हू वेअर ड्रंक’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले, की जहाजावरचे सगळेच झिंगलेले आणि सगळ्यांनाच शिक्षा! लिंडली मरी याने १७९५ साली यॉर्कच्या एका मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं. नामाचा अर्थ आवळून धरणाऱ्या उपवाक्याआधी स्वल्पविराम नको, असं त्यात त्याने बजावलं आहे. १९२६ मध्ये इंग्रजी भाषावापराचा कोशकार फाउलर याने आणखी एक वाटणी सुचवली: आवळणाऱ्या उपवाक्याला ‘दॅट’, नुसती जादा माहिती देणाऱ्याला ‘विच’. बरेचसे लेखक असं लिहीत नाहीत, हे त्यानेच कबूलही करून टाकलं. शेजारच्या जर्मनला या भानगडीशी कर्तव्य नाही. तिथे उपवाक्य कुठलंही असो, स्वल्पविराम लागतोच.

मराठीत हे चिन्ह उशिरा आलं. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि तिला अक्षरं लटकवत जाई. शब्दांमध्येही जागा सुटत नसे, तिथे स्वल्पविराम कुठला? पोथ्यांमध्ये दंड होते, पण ते चरण आणि श्लोक मोजायला. गद्य वाचणाऱ्याचा भरवसा क्रियापदावर: ते आलं की वाक्य संपलं. मोल्सवर्थच्या कोशकार्यातला सहकारी मेजर थॉमस कँडी याने १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढलं आणि इंग्रजी चिन्हांची अख्खी पलटण मराठी छपाईत दाखल झाली.

चिन्हं आली, पण त्यांच्यासोबतचा तो खलाशांचा नियम इथे चालेना. कारण ते काम मराठीत ‘जो–तो’ची जोडी केव्हापासून करत होती. ‘जे खलाशी दारू प्यायले होते, त्यांना शिक्षा झाली.’ यात काही खलाशी वाचले, हे कुणालाही कळतं. आणि गंमत अशी, की इंग्रजीत जिथे स्वल्पविरामाला मज्जाव, नेमक्या तशाच वाक्यात मराठी तो बिनदिक्कत देते. सगळेच प्यायलेले असतील तर मराठी माणूस सरळ दोन वाक्यं करतो: ‘खलाशांना शिक्षा झाली. सगळेच प्यायलेले होते.’

‘खलाशी, जे दारू प्यायले होते, त्यांना शिक्षा झाली’ ही घडण भाषांतराच्या टेबलावरची. अशा वाक्यात दोन्ही स्वल्पविराम द्यावेच लागतात, कारण ती वाक्यरचना त्यांना सोबत घेऊनच आलेली असते. त्यापेक्षा वाक्यच मोडून पुन्हा लिहिलेलं बरं.

खरी पंचाईत आपल्या घरच्या वाक्यात आहे. ‘दारू प्यायलेल्या खलाशांना शिक्षा झाली.’ काहींना की सगळ्यांना? स्वल्पविराम घालायला इथे फटच नाही. मुद्रितशोधकाने कितीही डोळे ताणले तरी हा घोळ चिन्हाने सुटत नाही. लेखकाला ‘तेवढ्याच’ किंवा ‘सगळ्याच’ यांपैकी एक शब्द घालावा लागतो.