रिकाम्या जागेचा इतिहास

रूपक म्हणजे भाषेवरचा अलंकार, ही समजूत साहित्याच्या वर्गांतून अजून पुरती गेलेली नाही. भौतिकशास्त्रातला 'होल' हा शब्द तिची परीक्षा पाहतो, असे आम्हांला वाटते. येथे आम्ही त्याला 'पोकळी' म्हणू.

१८७९ साली एडविन हॉल यांनी वीज वाहणाऱ्या धातूच्या पातळ पत्र्यावर चुंबकीय क्षेत्र लावले, तेव्हा प्रवाहाला आडवा असा विद्युतदाब उत्पन्न झाला. त्याच्या दिशेवरून वाहणारा भार धन की ऋण, हे कळते. १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी ऋणभारित इलेक्ट्रॉन शोधला. उत्तर सर्वत्र 'ऋण' यायला हवे होते. जस्तासारख्या काही धातूंत मात्र ते 'धन' येई. हे कोडे रूडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ साली पुंजसिद्धान्ताच्या आधारे सोडवले. १९३१ साली हायझेनबर्ग यांनी रिकाम्या जागेलाच धनभारित कण मानण्याची रीत स्पष्ट केली.

ही कल्पना समजावताना दृष्टान्त सुचतो तो नाट्यगृहाचा. भरलेल्या रांगेतली टोकाची खुर्ची रिकामी झाली, की प्रेक्षक एकेक करून सरकतात आणि रिकामी खुर्ची उलट दिशेने चालत गेल्यासारखी दिसते. पण दृष्टान्त नेमका महत्त्वाच्या ठिकाणी लंगडा पडतो. केवळ इलेक्ट्रॉनच असे सरकत असते, तर हॉलचे उत्तर ऋणच आले असते. भरत आलेल्या ऊर्जापट्ट्याच्या माथ्याजवळचे इलेक्ट्रॉन बाह्य बलाला उलटा प्रतिसाद देतात. म्हणून पोकळीला स्वतंत्र कणाचा मान द्यावा लागतो.

त्या मानाची कसोटी पुढे बेल प्रयोगशाळेत लागली. डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांचा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर चालला. त्यात पोकळ्या केवळ पृष्ठभागावरून जातात की आतूनही, हा प्रश्न उरला. फेब्रुवारी १९४८ मध्ये जॉन शाइव्ह यांनी पातळ चकतीच्या दोन विरुद्ध बाजूंना धातूची टोके टेकवली. संकेताचे वर्धन तरीही झाले. पोकळ्या स्फटिकाच्या पोटातून गेल्या होत्या. शॉक्ली यांच्या संधि-ट्रान्झिस्टरच्या कल्पनेला हाच आधार हवा होता. १९५० साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात इलेक्ट्रॉनच्या शेजारी पोकळीही बसली.

अभावाला नाव मिळाले, मग त्याला भार आणि वेग मोजून देता आले, आणि अखेर त्यावर यंत्र उभे राहिले. रूपकाचा विचार करताना हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. जे रूपक उलगडून टाकल्यावर अर्थासह अनुभवही हातचा जातो, त्याला अलंकार म्हणून बाजूला सारता येत नाही.