त्रिस्तरीय मद्यवितरण पद्धत (अमेरिका)

त्रिस्तरीय मद्यवितरण पद्धत ही अमेरिकेतील मद्यविक्रीची कायदेशीर रचना आहे. या पद्धतीत उत्पादक, वितरक व किरकोळ विक्रेता हे तीन स्तर परस्परांपासून स्वतंत्र ठेवले जातात. तपशील राज्यागणिक बदलतो.

इतिहास

दारूबंदीपूर्वी अनेक मद्यगृहे मोठ्या बिअर उत्पादकांच्या आर्थिक वर्चस्वाखाली होती. १९२० पासूनची देशव्यापी दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने संपली आणि मद्यनियमनाचे व्यापक अधिकार राज्यांकडे आले. जुने वर्चस्व पुन्हा निर्माण होऊ नये, म्हणून बहुतेक राज्यांनी ही पद्धत स्वीकारली.

लघुउत्पादकांवरील परिणाम

अनेक राज्यांत सबळ कारणाशिवाय वितरकाशी झालेला करार रद्द करता येत नाही. हे संरक्षण मुळात बलाढ्य उत्पादकांपासून वितरकांना देण्यात आले होते. क्राफ्ट बिअर बनवणाऱ्या लहान उत्पादकासमोर मात्र वितरकच बलवान ठरतो व त्याला बदलणे अवघड जाते. टेक्सासने २०१३ मध्ये उत्पादकांना वितरणाचे हक्क वितरकांना मोबदला घेऊन देण्यास मनाई केली. नॉर्थ कॅरोलिनात वार्षिक २५,००० बॅरलची मर्यादा ओलांडल्यास स्वतः वितरण करण्याची मुभा संपत असे. त्यामुळे व्यवसायाची वाढच अडचणीची ठरे.

सुधारणा

वितरक व लघुउत्पादक या दोघांच्याही संघटना विधिमंडळांवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न करतात. उभयपक्षी तडजोडीनंतर २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने स्ववितरणाची मर्यादा ५०,००० बॅरलपर्यंत वाढवली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून टेक्सासमधील ग्राहकांना उत्पादकाकडून थेट बिअर विकत घेऊन घरी नेण्याची परवानगी मिळाली.